अण्णांच्या वस्तऱ्याचं पाणी

सकाळी साडेनऊ वाजता नितीन सरांनी वस्तरा माझ्या हातात ठेवला, तेव्हा तो आरशासारखा चकाकत होता.

"काका, सरप्राइज," ते म्हणाले. "काल तुम्ही गेल्यावर कपाटातून काढून बघितला. सगळा डागाळलेला. मागच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं स्वतः घेऊन गेलो. ग्राइंडरवर धार, वर बफिंग. आता बघा कसा दिसतोय."

मी वस्तरा उघडला. टोकापासून निम्म्याहून अधिक पात्यावर, धारेच्या कडेनं, निळी झाक आली होती. ज्याला माहीत नाही त्याला ती छान वाटली असती. मी बाजूची खुर्ची ओढून बसलो.

"आवडला ना?"

"सर, हा मेला," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.

साडेअकराला सेंटरच्या कार्यक्रमासाठी कौशल्य योजनेचे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर मी या वस्तऱ्यानं एका गिऱ्हाइकाची दाढी करून दाखवायची होती. ते गिऱ्हाईक म्हणजे माझे गुरुजी. वय एक्क्याऐंशी. ते त्या वेळी झरीहून एसटीनं निघाले होते. अण्णांच्या वस्तऱ्यानं त्यांची दाढी करीन, असं वचन मी त्यांना दिलं होतं. पाच महिन्यांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले, तेव्हा स्मशानातून परत येताना. ते आज पुरं व्हायचं होतं.

मी परभणीतल्या एका कौशल्य प्रशिक्षण केंद्रात केशकर्तनाचा इन्स्ट्रक्टर होतो, नितीन सर तिथले प्रमुख. तीन महिन्यांची बॅच, शेवटी परीक्षा, मग सर्टिफिकेट. त्याआधी पंचवीस वर्षं अण्णांच्या दुकानात दुसऱ्या खुर्चीवर काम केलं. एम.ए. झालो होतो, पण मास्तरकीची नोकरी मिळाली नाही, तेव्हा घरचा धंदा धरला. याचं मला वाईट वाटत नाही. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं आणि खूप वाचून होतं.

आता वस्तऱ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आज सलूनमध्ये जो असतो तो अर्ध्या ब्लेडचा. एका गिऱ्हाइकाला एक पातं, काम झालं की फेकून द्यायचं. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून ही पद्धत आली आणि ती योग्यच आहे. मी वर्गात तीच शिकवायचो. जुना वस्तरा सलग पोलादाचा असतो. जाड पाठ, मध्ये पोकळ घासलेलं पातं आणि केसाहून बारीक धार. ही धार टिकते ती पोलादाला दिलेल्या पाण्यामुळे. पोलाद लाल तापवून विझवतात, त्याला पाणी देणं म्हणतात. त्यानं ते कडक होतं. पुन्हा जास्त तापलं की ते पाणी उतरतं. पोलाद निळं पडतं आणि मऊ होतं. मग त्याला कितीही धार लावा, दोन गालांत ती वळते. ग्राइंडरच्या चाकावर वस्तऱ्याची पातळ कड निळी पडायला दोन-चार सेकंद पुरतात.

नितीन सरांना हे माहीत नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. पण विचारता आलं असतं. मी दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो आणि माझा फोन चालू होता.

मला स्वतःला हा वस्तरा शिकायला दोन वर्षं लागली होती. नववीत असताना अण्णांनी सुरुवात केली ती दुधी भोपळ्यापासून. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते. तिला साबणाचा फेस लावायचा आणि सालीला ओरखडा न येता लव काढायची. ओरखडा आला की तिथून चिकट पाणी सुटतं, लपवता येत नाही. अण्णा चष्मा लावून तो भोपळा उन्हात फिरवून बघायचे.

"सहा ठिकाणी कापलंस. हे माणसाचं तोंड असतं तर?"

"अण्णा, भोपळा घसरायलाय."

"माणूस पण घसरतो. शिंकतो, खोकतो, बोलतो. तू लय दाबायलास. वस्तऱ्याला वजन असतं. तू फक्त त्याला वाट दाखव."

आई ते भोपळे धुऊन भाजीला घ्यायची. त्या हिवाळ्यात आमच्या घरी दुसरी भाजी झाली नसावी.

धार लावणं त्याहून अवघड. दगडावर पाणी टाकायचं. वस्तरा पूर्ण आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. मग धार पुढे करून ढकलायचा, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. दगडानंतर चामड्याचा पट्टा. तिथं उलटं. पाठ पुढे आणि धार मागे. मी पहिल्याच दिवशी चामड्यावर धार पुढे केली आणि पट्ट्याला बोटभर चीर पाडली. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी ती चीर शिवलीही नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "हात तिथं आला की आठवंल." अजून माझा हात त्या जागी आला की आपोआप हलका होतो.

त्यांची एक सवय होती. वस्तरा धरताना उजव्या हाताचा अंगठा ते पात्याच्या बुडाशी नेमक्या एकाच जागी टेकवत. इतक्या वर्षांच्या घामानं तिथं पोलादावर एक काळपट डाग बसला होता, चिंचोक्याएवढा. शेवटच्या आजारपणात मीच त्यांची दाढी करायचो आणि माझा अंगठा बरोबर त्या डागावर ठेवायचो. ते डोळे मिटून असायचे, तरी जागा चुकली की त्यांना कळायचं.

नितीन सरांना जो गंज दिसला, तो हा डाग होता. बफिंगनं तो गेला होता. माझा राग तिथं सुरू झाला आणि अजून संपलेला नाही.

"सर, यानं दाढी होणार नाही," मी म्हणालो.

"का? कागद कापून बघितला मी. सपकन कापतोय."

"कागद कापेल. थोडा वेळ. दाढीचे केस नाही कापणार, ओढेल. कातडी सोलून निघेल."

नितीन सरांनी घड्याळ बघितलं. ते वाईट माणूस नाहीत. पस्तिशीतले, एमबीए झालेले, धावपळ करणारे. फक्त ऐकून घेण्याआधी त्यांचं उत्तर तयार असतं.

"मग असं करा ना काका. हा हातात धरा, फोटो होऊ द्या. दाढी आपल्या अर्ध्या ब्लेडनं करा. लांबून कुणाला कळतंय?"

"गुरुजींना कळेल."

"त्यांना सांगा ना, कार्यक्रम आहे म्हणून. ॲडजस्ट करतील."

मी वस्तरा मिटला. हे ॲडजस्ट करणं गुरुजींच्या आयुष्यात किती वेळा आलं असेल, हा विचार मी करत होतो. इथं मला थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव झरीपासून पायी तासाभरावर. नाव लिहीत नाही. अण्णा तिथले गावाचे न्हावी होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. गावाचा न्हावी म्हणजे सगळ्या गावाचा, असं बोलायची पद्धत आहे. ते खरं नव्हतं. बौद्ध वस्तीतल्या माणसांची दाढी किंवा हजामत गावाचा न्हावी करत नसे. करायची नाही, असा गावाचा कायदा होता. ती माणसं वस्तीतच एकमेकांची करत, नाहीतर बाजाराच्या दिवशी परभणी गाठत. माझ्या आजोबांनी हा कायदा जन्मभर पाळला. हे मी लपवून ठेवत नाही.

गुरुजी त्या वस्तीतले. शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले आणि पहिली नेमणूक आपल्याच गावी मिळाली. शाळेत इन्स्पेक्शन होतं त्या सकाळी ते अण्णा ज्या लिंबाच्या झाडाखाली हजामतीला बसायचे तिथं आले आणि समोरच्या पाटावर बसले. दोघंही पंचविशीच्या आतले. गुरुजी म्हणाले, "साहेब यायलेत. दाढी कर." अण्णांनी केली. हत्यारांच्या धोकटीत वस्तरा एकच होता. तोच हा.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी पाच जण आले. त्यांनी मारहाण केली नाही, शिवी दिली नाही. समजुतीनं बोलले. वस्तरा बाटला, तो विहिरीत टाक, आम्ही वर्गणी काढून नवा देतो, झालं गेलं विसरू. अण्णा म्हणाले, "धुतलाय की." एवढंच. त्यांना भाषण येत नव्हतं. त्या आठवड्यात ते आईला घेऊन परभणीला आले आणि स्टेशनच्या बाजूला रस्त्यावर खुर्ची टाकली. माझा जन्म त्यानंतरचा.

गुरुजींची पुढे शहरातल्या शाळेत बदली झाली. चौथीत ते मला शिकवायला होते. मला वाचायची सवय त्यांनीच लावली. दर रविवारी ते दुकानात यायचे आणि एक पुस्तक घेऊन यायचे. त्यांची दाढी होईपर्यंत मी ते चाळायचो. अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले तसे अण्णांनी दुकानात सगळ्यांना तेच सुरू केले. हा सलग वस्तरा फक्त दोघांसाठी ठेवला, स्वतःसाठी आणि गुरुजींसाठी. दर वेळी उकळत्या पाण्यात धुऊन. निवृत्तीनंतर गुरुजी झरीला मुलाकडं राहायला गेले, तरी रविवार चुकला नाही. अण्णा गेल्यापासून ते प्लॅस्टिकच्या रेझरनं स्वतःच करत होते. वयानं हात थरथरायचा. गालावर कापल्याच्या खुणा दिसायच्या.

कार्यक्रमाचं भाषण नितीन सरांनी स्वतः लिहिलं होतं. शुद्धलेखन तपासायला दोन दिवस आधी माझ्याकडं दिलं. त्यात एक वाक्य होतं, 'गावाचा न्हावी मायेनं साऱ्या गावाची सेवा करी, त्याच्या वस्तऱ्याला कधी जात नव्हती.' मी ते खोडलं आणि समासात लिहिलं, 'हे खरं नाही. कारण भेटून सांगतो.' भेटायला त्यांना वेळ मिळाला नाही.

गुरुजी सव्वाअकराला आले. आठ दिवसांचे पांढरे खुंट गालावर वाढवून, इस्त्रीचा सदरा घालून. मी त्यांना व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं आणि वस्तरा हातात ठेवला. त्यांची नजर अधू आहे. त्यांनी बोटांनी तो उघडला आणि पात्याच्या बुडाशी अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"ह्याचा डाग कुठं गेला?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"आता होत न्हाई म्हण दाढी."

"होत नाही गुरुजी. सर म्हणतात दुसऱ्या वस्तऱ्यानं करू आणि हा दाखवू."

"तू काय म्हनतोस?"

"मी करणार नाही."

"मग मला तिथं कशाला बसवायलास?"

तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि नितीन सरांनीच गुरुजींचा हात धरून त्यांना आदरानं स्टेजवरच्या खुर्चीत नेऊन बसवलं. गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. मला खुणेनं बोलावलं. बाजूच्या टेबलावर अण्णांची धोकटी, दगड, तो चिरलेला पट्टा आणि गुरुजींच्या हातातून घेतलेला वस्तरा मांडला होता. त्यांच्या शेजारी अर्ध्या ब्लेडचा वस्तराही हळूच ठेवला होता, रुमालाखाली.

नितीन सरांनी माईक घेतला. भाषण चांगलं वाचत होते. मी टेबलावरचा वस्तरा घेऊन गुरुजींच्या मागे उभा होतो. ते वाक्य आलं. मी मारलेली रेघ त्यांच्या कागदावर असणारच, तरी त्यांनी ते पूर्ण वाचलं. 'त्याच्या वस्तऱ्याला कधी जात नव्हती.' गुरुजींचे खांदे माझ्यासमोर होते. ते हलले नाहीत.

मी वर्गाबाहेर चार माणसांत बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी मी नितीन सरांच्या हातातून माईक घेतला. हिसकावला असं नंतर काही जण म्हणाले. असेल.

"होती," मी म्हणालो. "गावानं दिली होती. हा वस्तरा या गुरुजींच्या गालाला लागला म्हणून तो विहिरीत टाकायला सांगितलं होतं. माझ्या वडिलांनी वस्तरा ठेवला आणि गाव सोडलं. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी तो जपला. काल संध्याकाळी या सेंटरनं तो ग्राइंडरवर धरला. आता यानं दाढी होणार नाही. रुमालाखाली दुसरा वस्तरा ठेवलाय, त्यानं मी करणार नाही."

मग पुढच्या रांगेतल्या मुख्य पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागून सगळ्यांनी वाजवल्या.

माझ्या अंगाची त्या टाळ्यांनी जी आग झाली, ती ग्राइंडरनंही झाली नव्हती. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला होता. पाहुणे माईकशिवायच म्हणाले, "व्हेरी टचिंग. आता डेमो होऊन जाऊ द्या."

गुरुजींनी गळ्याभोवतीचं कापड स्वतः सोडलं. त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि टेबलावर ठेवली. उठले.

"डेमो झाला," ते पाहुण्यांना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात तास संपला की ते असंच बोलायचे. मग माझ्याकडं वळून, "चल. मला एसटीला बसवून दे."

मी अण्णांचं सामान धोकटीत भरलं. आम्ही निघाल्यावर दुसऱ्या इन्स्ट्रक्टरनं एका प्रशिक्षणार्थ्याची दाढी अर्ध्या ब्लेडनं करून दाखवली, असं समजलं.

संध्याकाळी नितीन सरांचा फोन आला.

"काका, तुम्ही माझी पार वाट लावली."

"सर, ते वाक्य मी खोडलं होतं."

"एका वाक्यासाठी? लोकांना काही पॉझिटिव्ह ऐकायला नको का? आणि वस्तऱ्याचं काय एवढं. ऑनलाइन व्हिंटेज मिळतात, मी मागवून देतो तुम्हाला."

"नको."

"अहो, तसाच मिळेल. सेम."

मी फोन ठेवला. तसाच मिळेल, हे वाक्य मी त्या रात्री बायकोला तीन वेळा ऐकवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता जेवा."

दुसऱ्या दिवसापासून मी दगड घेऊन बसलो. पाठ सुदैवानं घासली गेली नव्हती, त्यामुळे वस्तरा दगडावर अजून नीट टेकत होता. निळ्या भागाला इलाज नव्हता. पण बुडाकडचा, बोटाच्या दोन पेरांएवढा भाग चाकाला लागलेला दिसत नव्हता, तिथं पोलादाचा मूळ करडा रंग होता. मी पहिल्या दिवशी रागात बसलो आणि दाबलं. अण्णा असते तर बोलले असते. धार दातेरी झाली, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. रागात दगडाजवळ बसू नये, हे मला चोपन्नाव्या वर्षी नव्यानं कळलं. पण राग जाईपर्यंत थांबायचं म्हटलं असतं तर कधीच बसलो नसतो. म्हणून रोज सकाळी अंघोळीनंतर मोजून पन्नास वेळा फिरवायचा आणि उठायचं, असं ठरवलं. दगड मध्ये खोलगट झालाय, अण्णांच्या हातानं. त्याच्या कडेचा सपाट भाग वापरला. बाराव्या दिवशी डोक्याचा एक केस धरून त्या दोन पेरांवर टेकवला. तुटला. तोच केस निळ्या भागावर टेकवला, तर वाकून घसरला.

बाजारातून एक कोवळा दुधी आणला. लव काढली. उन्हात फिरवून बघितला. एक ओरखडा होता, देठाजवळ.

रविवारी झरीला गेलो. गुरुजी ओट्यावर बसले होते. पाणी उकळलं, वस्तरा धुतला, फेस केला. दोन पेरांनी दाढी करणं म्हणजे अख्खं शेत खुरप्यानं काढण्यासारखं. एरवी वीस मिनिटांचं काम, मला तास लागला. अंगठा ठेवायच्या जागी आता डाग नव्हता. मी अंदाजानं ठेवला.

सलग वस्तरा केस कापताना बारीक आवाज करतो, कोरडं पान हळू चुरडावं तसा. अर्ध्या ब्लेडचा तसा येत नाही. पहिला हात गालावरून उतरला आणि गुरुजींनी डोळे मिटले.

"आवाज यायलाय," ते म्हणाले.

"हो."

"किती उरलाय?"

"दोन पेरं."

त्यांनी हनुवटी वर केली, गळ्याकडचं करायला.

"मला पुरंल तेवढा," ते म्हणाले.

परत आलो तेव्हा सेंटरचं पत्र आलेलं होतं. पुढच्या बॅचसाठी माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलेलं नव्हतं, कारण लिहिलं नव्हतं. मी पुन्हा दुकानात बसतो. दर रविवारी सकाळी झरीची एसटी पकडतो. सेंटरच्या माहितीपत्रकावर आता पाहुण्यांच्या हातातल्या त्या वस्तऱ्याचा फोटो आहे. कार्यक्रमाआधी टेबलावरून उचलून काढलेला असावा. त्यात तो छान चमकतोय आणि निळी पट्टी ठळक दिसते आहे. ती कशाची आहे, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही.

दुकानात येणारे नवे लोक कधी वस्तरा बघायला मागतात. मी उघडून दाखवतो. हातात देत नाही.